सुपरमॅन साकारताना अवघड काय: केप की चष्मा?

तिसरी_घंटा

सुपरमॅन करणाऱ्या नटांबद्दल वाचायला गेलं की दंड, छाती, आहार आणि दोरीवर लटकण्याचे तास एवढंच हाती लागतं. माझं मत असं की या भूमिकेत नटाचा कस केपमध्ये लागत नाही, क्लार्क केंटमध्ये लागतो, म्हणजे सुपरमॅन आपली ओळख लपवायला चष्मा लावून साधा बातमीदार होतो त्या रूपात.

१९७८ च्या चित्रपटातला लोइसच्या, म्हणजे क्लार्कच्या सहकारी बातमीदार मुलीच्या, घरचा प्रसंग आठवा. क्लार्क तिला बाहेर न्यायला आलाय, ती आतल्या खोलीत. ख्रिस्तोफर रीव्ह चष्मा काढतो, आता हिला खरं सांगून टाकू म्हणून. कपडे तेच, मेकअप तोच, मध्ये कट नाही. कणा सरळ होतो, खांदे मागे जातात, हनुवटी उचलली जाते, आवाज खाली उतरतो. समोर दुसराच माणूस उभा. मग धीर सुटतो, चष्मा परत नाकावर, खांदे पडतात, आवाज वर चढतो. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आत.

प्रश्न दोन. हे श्रेय नटाचं की लेखकाचं? आणि एकांकिकेत अशी दुहेरी भूमिका बसवायची झाली तर यातलं नेमकं काय उचलता येईल? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शेवगाठी

चष्मा काढल्यावर ओळखू न येण्याचा प्रकार आमच्याकडेही आहे. फक्त चष्मा काढणाऱ्यालाच समोरचे ओळखू येत नाहीत.

मध्यमलहरी

हे रीव्हच्या खूप आधी रेडिओवर झालेलं आहे. १९४० साली अमेरिकेत सुपरमॅनची रेडिओ मालिका सुरू झाली, भाग पंधरा मिनिटांचे. बड कॉलियर दोन्ही आवाज करायचा. रेडिओवर खांदे पाडून उपयोग नाही, सगळा फरक पट्टीत. त्याची युक्ती अशी की बदल दोन वाक्यांच्या मध्ये करायचा नाही, वाक्याच्या पोटात करायचा. ‘हे काम दिसतंय...’ इथपर्यंत क्लार्कची वरची पट्टी आणि ‘...सुपरमॅनचं!’ हे थेट खर्जात. ऐकणाऱ्याला कपडे बदलल्याचं वेगळं सांगावं लागत नाही.

‘अप, अप अँड अवे’ ही आरोळीसुद्धा रेडिओची गरज. उडाला हे दिसणार कसं? म्हणून तोंडाने म्हणायचं आणि मागून वाऱ्याचा आवाज. नट आणि लेखक दोघांनी मिळून सोडवलेली अडचण आहे ही, त्यामुळे श्रेयाची वाटणी करायला बसलात तर पंचाईत होईल.

गंमत म्हणजे १९४६ पर्यंत कॉलियरचं नावच जाहीर केलं नव्हतं. नटाचीच गुप्त ओळख!

कोरा_कागद

तिसरी घंटा, मूळ विधानालाच हरकत आहे. क्लार्क म्हणजे बावळट, अडखळणारा माणूस हे तुम्ही गृहीत धरताय. ते रीव्हचं वाचन आहे, पात्राचा नियम नव्हे.

जॉर्ज रीव्ह्ज (हा वेगळा, शेवटी ज आहे, गोंधळ नको) १९५२ ते ५८ टीव्हीवर क्लार्क करत होता. त्याचा क्लार्क सरळ ताठ उभा राहणारा, गुंडांना उलट उत्तरं देणारा बातमीदार. दोन माणसांत फरक जवळजवळ नाहीच, तरी मालिका चालली, कारण ती लिहिलीच होती तशी: तपास क्लार्क करतो, सुपरमॅन शेवटी येऊन भिंत फोडतो.

पुढे १९८६ मध्ये जॉन बर्नने कॉमिक्समध्ये पात्र नव्याने मांडलं तेव्हा हाच मुद्दा कागदावर पक्का केला. खरा माणूस क्लार्क, सुपरमॅन हा कामाचा पोशाख. त्याचा क्लार्क शाळेत फुटबॉल खेळलेला, यशस्वी लेखक. १९९३ च्या मालिकेत डीन केनने तोच क्लार्क केला. याउलट रीव्हच्या चित्रपटात क्लार्क हे सोंग आहे. २०१३ मध्ये हेन्री कॅव्हिलला तर चष्मा घालून डेली प्लॅनेट या वर्तमानपत्रात कामाला जायला चित्रपटाचा शेवट उजाडतो, मग दुहेरी अभिनय दाखवणार कुठे?

म्हणजे मुखवटा कोणता आणि चेहरा कोणता, हे लेखक ठरवतो. नट त्यानंतर येतो.

तिसरी_घंटा

@कोरा_कागद, अर्धं मान्य. पण लेखकाने ‘तो खरं सांगायचं ठरवतो आणि मग कच खातो’ एवढंच लिहिलं असणार. कणा किती सरळ करायचा हे कागदावर नसतं. रीव्हने क्लार्कसाठी कॅरी ग्रँटच्या जुन्या विनोदी भूमिकेतला गोंधळलेला प्राध्यापक समोर ठेवला होता. ते पटकथेत नव्हतं.

खर्जातला

+१. आणि एक बारकावा राहिला. रीव्ह क्लार्कचा भांग दुसऱ्या बाजूला पाडायचा. चष्म्यापेक्षा त्याने चेहऱ्याचा तोल जास्त बदलतो. रंगभूमीवर मात्र हे जमत नाही. भांग दहा सेकंदांत फिरत नाही आणि फिरवलाच तर केस उभे राहतात.

उलटा_टांगा

मंडळी केपला फारच स्वस्तात काढतायत, म्हणून उडण्याबद्दल थोडं सविस्तर.

१९४८ च्या पडदा-मालिकेत कर्क अ‍ॅलिन उडायला लागला की त्याच्या जागी चक्क कार्टून यायचं, कारण तारा दिसत होत्या. जॉर्ज रीव्ह्जची तार एकदा तुटल्यावर उड्डाणाची सुरुवात स्प्रिंगबोर्डवर उडी मारून व्हायला लागली. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गादी.

१९७८ मध्ये एकच जादू नव्हती. तारा, ब्लू स्क्रीन (नटामागे निळा पडदा, नंतर निळ्याच्या जागी दुसरं चित्र बसवायचं), मॉडेलं आणि झोरान पेरिसिक यांची झॉप्टिक पद्धत यांची मिसळ होती. झॉप्टिक असं चालतं: कॅमेऱ्यापुढे ४५ अंशात अर्धपारदर्शक आरसा, बाजूला प्रोजेक्टर. आरशावरून आपटून आकाशाचं चित्र मागच्या पडद्यावर पडतं. पडद्याचं कापड रस्त्यावरच्या चमकत्या पाट्यांना असतं त्या जातीचं, प्रकाश आल्या वाटेने परत पाठवणारं. चित्र नटाच्या अंगावरही पडतं, पण कपडा तसा चमकत नाही आणि त्याच्यावर वेगळे दिवे असतात, म्हणून ते दिसत नाही. कॅमेरा आणि प्रोजेक्टर एकाच रेषेत असल्याने नटाची सावली त्याच्याच मागे लपते. रेष जरा ढळली की अंगाभोवती काळी कडा उमटते आणि दिवस वाया.

पेरिसिक यांची भर म्हणजे कॅमेरा आणि प्रोजेक्टर दोघांना एकमेकांशी जोडलेले झूम. कॅमेरा जितका जवळ घेतो तितकंच प्रोजेक्टर चित्र लहान करतो. परिणाम: मागचं आकाश जागच्या जागी आणि नट मोठा होत होत आपल्या अंगावर येतो. प्रत्यक्षात तो इंचभरही हललेला नसतो! पडद्यासमोर दांड्यावर, अंगाच्या मापाच्या साच्यात आडवा पडलेला असतो.

आता अभिनय कुठे येतो ते बघा. माणूस कमरेवर तोलला की पाय खाली लोंबतात, मान आखडते आणि ते चेहऱ्यावर दिसतं. म्हणून पाठ आणि पोट घट्ट, पावलं ताणलेली, आणि गळ्याच्या वर मात्र काहीच जोर नाही. रीव्ह स्वतः विमान आणि ग्लायडर चालवायचा, त्यामुळे वळणाचा क्रम त्याला ठाऊक होता. आधी नजर, मग खांदा, मग सगळं अंग कलतं. नवखा नट सगळं एकदम वळवतो आणि फळीवर ठेवल्यासारखा दिसतो.

निंबोणी

ब्लू स्क्रीनसमोर निळा पोशाख? तो गायब नाही का होणार?

उलटा_टांगा

@निंबोणी, होतोच. म्हणून त्या शॉट्ससाठी पोशाखाचा निळा रंग हिरवट, मोरपिशीकडे नेला होता आणि नंतर छपाईत तो परत निळा करायचा. सगळीकडे नीट जुळला नाही. काही शॉट्समध्ये रंग हललेला सरळ दिसतो. झॉप्टिकचा एक फायदा हाही होता की तिथे निळ्याशी वैर नाही.

शेवगाठी

म्हणजे आपला शक्तिमान हुशार. लाल-सोनेरी कपडे, मागे निळा लावा नाहीतर हिरवा लावा, कुठेच अडचण नाही.

टाकसाळ

शेवगाठी, हसण्यावारी नेऊ नका. दुहेरी भूमिकेच्या दृष्टीने शक्तिमान (१९९७ पासून दूरदर्शनवर) चांगलं उदाहरण आहे. मुकेश खन्ना त्याआधी भीष्म म्हणून घराघरात पोचलेले, भारदस्त आवाज हीच ओळख. शक्तिमान त्यांना सोपा. मेहनत पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री याच्यावर घेतली: पुढे आलेले दात, चष्मा, चापून बसवलेले केस, चिरका आवाज.

पण फरक लक्षात घ्या. नकली दात लावले की जिभेला जागा कमी पडते, स, श, च घसरतात. गंगाधरमध्ये ती घसरणच विनोद म्हणून वापरली. रीव्हने बाहेरचं असं काहीच लावलं नाही. म्हणून तो एका शॉटमध्ये बदलू शकतो आणि गंगाधरला गोल फिरावं लागतं. फिरण्यात कट लपतो.

तिसरी_घंटा

हे फार महत्त्वाचं. ‘तो मी नव्हेच’मध्ये पणशीकर पाच रूपं करायचे, पण तिथे फिरता रंगमंच होता आणि प्रत्येक रूपाला वेगळा वेश, वेगळी बोली. मला हवंय ते प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बदलणं.

कोरा_कागद

लेखकांबद्दल कोणी बोलत नाहीये, तर मीच बोलतो.

सुपरमॅन लिहिण्यातली अडचण सगळ्यांना माहीत आहे: त्याला काहीच होत नाही. मग प्रसंग उभा कसा करायचा? एक उपाय म्हणजे त्याला कमजोर करणं, अर्थात क्रिप्टोनाइट, जवळ आला की त्याची शक्ती घालवणारा खडा. सुपरमॅनचा सहनिर्माता जेरी सीगलने १९४० मध्येच ‘के-मेटल’ नावाने अशी कथा लिहिली होती. त्यात क्लार्क लोइसला आपली ओळख सांगून टाकतो. ती छापलीच नाही. क्रिप्टोनाइट पुढे १९४३ मध्ये रेडिओवर आलं आणि कॉमिक्समध्ये थेट १९४९ ला. का छापली नसावी हे उघड आहे: लोइसला कळलं की मालिकेचं अर्धं इंजिन बंद.

दुसरा उपाय जास्त चांगला. ताकदीला हात लावायचा नाही, त्याला एकाच वेळी दोन ठिकाणी हवा असलेला करायचा. १९७८ मध्ये दोन क्षेपणास्त्रं दोन दिशांना सुटतात आणि त्याने आधी कुठलं थांबवायचं याचं वचन दिलेलं आहे. तिथे क्रिप्टोनाइट त्याला फक्त उशीर करायला वापरलंय. गाडी पुढे घसरते ती शेवटी, काळच मागे फिरवल्यावर. मुळात तो शेवट दुसऱ्या भागासाठी योजला होता, तो उचलून पहिल्याला लावला. एकदा काळ फिरवता आला की पुढच्या प्रत्येक संकटात प्रेक्षक विचारणार, मग आता का नाही फिरवत? लेखकाने पात्राला दिलेली शक्ती परत घेता येत नाही.

मध्यमलहरी

@कोरा_कागद, क्रिप्टोनाइटचा रेडिओवरचा उपयोग वेगळाच सांगितला जातो. कॉलियरला सुट्टी हवी असली की सुपरमॅन क्रिप्टोनाइटजवळ बेशुद्ध, आणि दुसरा कोणीतरी नुसता कण्हणार.

शेवगाठी

हहपुवा. रजेचा अर्ज: ‘कारण: क्रिप्टोनाइट’.

टाकसाळ

आणि नंतर त्याची रंगपंचमी झाली. संपादक मॉर्ट वाइझिंगरच्या काळात हिरवं जीव घेणारं, लाल दिवस-दोन दिवस काहीतरी विचित्र करून सोडणारं, सोनेरी शक्ती कायमची काढणारं. लाल खड्याचा नियम असा की एक खडा एकदाच लागू पडतो. हा नियम लेखकाच्या सोयीचा आहे: काहीही घडवा, ४८ तासांत सगळं जागेवर.

त्याच काळातली आणखी एक सोय म्हणजे ‘काल्पनिक कथा’ अशी पाटी लावून लिहिलेल्या गोष्टी. त्यात लग्न लावा, मुलं द्या, मारून टाका, पुढच्या अंकाला बाधा नाही. उगाच नाक मुरडू नये, पात्राबद्दलचे चांगले प्रश्न बरेचदा तिथेच विचारले गेलेत.

निंबोणी

१९९२ मध्ये कॉमिक्समध्ये सुपरमॅनला खरंच मारला होता ना? त्याचं कारण काय?

कोरा_कागद

लग्न. म्हणजे कॉमिक्सच्या लेखकांनी क्लार्क-लोइसचं लग्न आखलं होतं, पण टीव्ही मालिका येऊ घातली होती आणि लग्न दोन्हीकडे एकदम व्हावं असं ठरलं. वर्षभराचं कथानक एकदम रिकामं. बैठकांमध्ये जेरी ऑर्डवे दर वेळी गमतीने म्हणायचा, मारून टाकूया त्याला. त्या वेळी बाकीच्यांनी ते मनावर घेतलं. अंक लाखांनी खपला.

शेवगाठी

लग्न पुढे ढकललं म्हणून नवरा मारला. मुलीकडच्यांनी काय म्हणायचं?

रातराणी_एक्स्प्रेस

या धाग्यावर चड्डीचा विषय अजून निघाला नाही याचं आश्चर्य वाटतं. बाहेरून चड्डी असावी की नसावी?

उलटा_टांगा

असावी. १९३८ मध्ये तो पोशाख सर्कशीतले ताकदवान आणि कुस्तीगीर घालायचे त्यावरून आला. काढून टाकल्यावर छातीपासून बुटापर्यंत निळा पट्टा राहतो, कॅमेऱ्याला कंबर सापडत नाही, मग पोशाखवाल्यांना उगाच शिवणी आणि रेघा टाकाव्या लागतात. कॅव्हिलच्या पोशाखात तेच केलं होतं.

रातराणी_एक्स्प्रेस

कैच्याकै. २०१३ चा पोशाख सर्वोत्तम आहे. चड्डीने गांभीर्य जातं.

खर्जातला

जावंच की. २०२५ च्या चित्रपटासाठी दिग्दर्शक जेम्स गन स्वतः साशंक होता. डेव्हिड कोरेन्सवेटने त्याला पटवलं ते याच मुद्द्यावर: इतक्या ताकदीचा परका माणूस आकाशातून उतरला तर मुलं घाबरतील, त्यांना भीती वाटू नये म्हणून तो असा रंगीबेरंगी दिसतो. पात्राने हे कपडे का निवडले याचं उत्तर नटाने शोधलं. श्रेयाच्या वादात हे नटांच्या खात्यात मांडा.

टाकसाळ

खात्यांचा विषय निघालाच आहे तर सुपरमॅन घडवणाऱ्या सीगल आणि शूस्टर यांना विसरू नका. सगळे हक्क १३० डॉलरना गेले. १९७५ मध्ये, चित्रपट येणार हे कळल्यावर सीगलने जाहीर आवाज उठवला, तेव्हा कुठे दोघांना वर्षाला २०,००० डॉलर निवृत्तिवेतन आणि ‘निर्माते’ म्हणून नाव मिळालं. त्याच चित्रपटासाठी मार्लन ब्रँडोला ३७ लाख डॉलर आणि वर नफ्यात वाटा. काम किती? सुरुवातीची सुपरमॅनच्या जन्मग्रहावरची, क्रिप्टनवरची दृश्यं आणि काही संवाद, तेही पाठ न करता इकडेतिकडे लावलेल्या चिठ्ठ्यांवरून वाचून.

कोरा_कागद

पटकथेचंही तेच. मारिओ पुझो, मग न्यूमन दांपत्य आणि रॉबर्ट बेंटन, अशी नावं पडद्यावर आहेत. ज्याने शेवटी सगळं नव्याने बांधलं तो टॉम मॅन्कीविच ‘सर्जनशील सल्लागार’ म्हणून येतो. आधीच्या खर्ड्यात सुपरमॅन टकल्या खलनायक लेक्स ल्यूथरला शोधत खाली झेपावतो आणि तो निघतो टीव्हीवरचा टकलू नट टेली सवालस. असले विनोद काढून टाकणं हेच मॅन्कीविच आणि दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांचं मोठं काम. विनोद क्लार्कच्या वाट्याला ठेवला, सुपरमॅनची चेष्टा केली नाही. तिसरी घंटा, तुमचा तो प्रसंग यामुळे उभा राहतो. आसपास सगळंच थट्टेत असतं तर आवाज खर्जात नेल्यावर प्रेक्षक हसले असते.

खर्जातला

आवाजावरून: केव्हिन कॉनरॉयने १९९२ पासून बॅटमॅनला आवाज दिला, तोही रीव्हसारखाच ज्युलियार्ड या नाट्यशिक्षणाच्या संस्थेतला. त्याने बॅटमॅनचा आवाज खरा मानला आणि ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅनचं एरवीचं रूप, हे सोंग. त्यामुळे ब्रूस हलका, चमकदार, आणि बॅटमॅन मोकळा, खोल. आवाजांच्या दिग्दर्शक आंद्रेआ रोमानो सगळ्या नटांना एका खोलीत बसवून ध्वनिमुद्रण करायच्या, समोरच्याच्या वाक्यावर आवाज बदलतो तो तिथे सापडतो.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी. खोल आवाज म्हणजे घासलेला आवाज नव्हे. चित्रपटातल्या बॅटमॅनचा, ख्रिश्चन बेलचा, तसा घोगरा आवाज काढायला स्वरयंत्राच्या वरच्या घड्या आवळाव्या लागतात. पाच मिनिटांत घसा सुकतो, खोकला येतो, व्यंजनं पुसट होतात. रंगमंचावर माइक नसेल तर चौथ्या रांगेपुढे काही कळत नाही. त्याऐवजी खांदे न उचलता पोटात श्वास, जबडा सैल, पट्टी दोन-तीन स्वर खाली, आणि मुख्य म्हणजे वेग कमी. क्लार्कसाठी उलट: श्वास छातीत वरच ठेवा, वाक्य संपायच्या आत श्वास संपू द्या. अडखळणं मग आपोआप येतं, मुद्दाम करावं लागत नाही.

तिसरी_घंटा

हे छापून तालमीच्या भिंतीला लावतो. शरीराचंही कोणी असंच सांगा.

उलटा_टांगा

क्रम ठरवा आणि तोच दर वेळी ठेवा. क्लार्क होताना: आधी गुडघे किंचित वाकवा, मग छाती आत, खांदे पुढे आणि खाली, मान पुढे. सुपरमॅन होताना पावलांपासून. टाचांवरचं वजन चवड्यांवर आणा, कणा आपोआप लांबतो. फक्त खांदे मागे ओढले तर माणूस कवायतीला उभा दिसतो. कपडे एक माप मोठे घ्या. ढगळ कोटात खांदे पडलेले दिसतात आणि ताठ झाल्यावर तोच कोट भरतो. रीव्ह सहा फूट चार इंच, आणि डेव्हिड प्राऊसने व्यायाम करून घेतल्यावर बराच रुंद झालेला. मूळ अंगकाठी मोठी असेल तर आक्रसणं दिसतं. किरकोळ नटाला आक्रसायला जागाच नाही, त्याने भर आवाजावर द्यावा.

चष्म्याच्या काचा दिव्यात चमकतात. दांड्या कानावर किंचित उचला म्हणजे काच खाली झुकते. मागच्या रांगांसाठी नुसती फ्रेमही चालते.

निंबोणी

तुम्ही सगळे एक माणूस विसरताय. मार्गो किडर.

क्लार्क न ओळखण्याचं काम लोइस करते. ती मूर्ख वाटली तर सगळं कोसळलं. किडरची लोइस मूर्ख नाही, घाईत आहे. टाइप करतेय, शब्दांची स्पेलिंगं चुकवतेय, चालता चालता बोलतेय, क्लार्कचं वाक्य संपायच्या आत वळून गेलेली असते. सुपरमॅनशी बोलताना मात्र नजर हलत नाही. क्लार्कचा वेश चष्म्यात निम्मा आणि तिच्या नजरेत निम्मा आहे. तुमच्या एकांकिकेतल्या मुलाला शंभर सूचना द्याल आणि समोरची मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत राहिली तर प्रेक्षक विचारणारच, हिला दिसत नाही का?

तिसरी_घंटा

@निंबोणी, म्हणजे तालमीत तिला हाताला काम द्यायचं?

निंबोणी

हो, आणि खोटं नको. फोन, कागद, पर्समधली किल्ली शोधणं, असं खरोखर लक्ष खाणारं काम. किल्ली पर्समध्ये ठेवूच नका, म्हणजे शोधणं खरं होतं.

शेवगाठी

आणि प्रयोगाच्या दिवशी ठेवायला विसरू नका. नाहीतर दार उघडायला सुपरमॅनलाच बोलवावं लागेल.

कोरा_कागद

तेवढं त्याला जमेल. रच्याकने, त्याच चित्रपटात तरुण क्लार्क जेफ ईस्टने केलाय, पण आवाज रीव्हचा आहे, नंतर चढवलेला. वरची सगळी चर्चा डोक्यात ठेवून ती दृश्यं पुन्हा ऐका. एकाचं शरीर आणि दुसऱ्याचा आवाज कुठे जुळतो आणि कुठे नाही, ते लगेच कळतं.